दुष्काळ सहन करणारा वाण म्हणजे नेमकं काय? हुलग्यापासून सोयाबीनपर्यंत, सोप्या भाषेत

आपण इथे एरवी फोन, ॲप आणि बॅटरीबद्दल बोलतो. आजचा विषय शेतातला आहे, पण त्याची सुरुवात माझ्या फोनवरच झाली.

साल २०२३. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. पेरणीच्या तोंडावर मामांनी व्हॉट्सॲपवर सोयाबीनच्या पिशवीचा फोटो पाठवला. खाली व्हॉइस मेसेज: "आरं, ह्ये दुष्काळात टिकतंय म्हणत्यात. घिऊ का? नेटवर बघ जरा." मामांचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे. मी पुण्यात बसून दोन मिनिटं सर्च केलं, 'भरघोस उतारा' म्हणणारा एक व्हिडिओ पाहिला आणि मामांना अंगठा पाठवून दिला.

मामांनी एकाच पिशवीतलं बी दोन ठिकाणी पेरलं. थोडं ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीत, बाकीचं माळावर. मग ऑगस्ट कोरडा गेला. माळावरच्या सोयाबीनची फुलं गळाली, ज्या शेंगा धरल्या त्या पोचट निघाल्या. बियाण्याचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. ओढ्याकाठी मात्र त्याच पिशवीतल्या बियाण्याने बऱ्यापैकी शेंगा धरल्या. आणि माळाला लागूनच चुलतमामांनी उशिरा टाकलेला हुलगा सप्टेंबरच्या दोन सरींवर पुन्हा हिरवा झाला.

एकच बियाणं, एकच पाऊस, मग निकाल दोन का? आणि हुलगा जगतो तिथे सोयाबीन का मरतं? मला याचं उत्तर माहीत नव्हतं, तरी मी अंगठा पाठवला होता. त्या चुकीनंतर जे वाचलं, विचारलं आणि शेतात जाऊन पाहिलं, ते या लेखात सांगतोय. तुमच्याही घरून असा फोटो येत असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

आधी नकाशा बघू: सातारा आणि सांगली

महाबळेश्वरला वर्षाला सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुका आहे, आणि तिथे सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. सह्याद्री ढग अडवतो आणि त्याच्या मागे पर्जन्यछायेचा पट्टा तयार होतो. साताऱ्यातले माण, खटाव, फलटण आणि सांगलीतले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर हे तालुके त्याच पट्ट्यात येतात.

पण दुष्काळ फक्त तिथेच पडतो असं समजू नका. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत आमचा खानापूर होता, कडेगाव आणि मिरज होते, आणि एरवी पावसाचे समजले जाणारे शिराळा आणि वाई हे तालुकेही होते. साताऱ्यातलं खंडाळाही होतं.

म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस किती, एवढं बघून भागत नाही. तो कधी थांबतो आणि किती दिवस थांबतो, यावर पीक जगतं किंवा मरतं.

जमीन म्हणजे बॅटरी

फोन घेताना आपण पहिल्यांदा बॅटरी किती आहे ते बघतो. शेतात बॅटरीचं काम जमीन करते. पाऊस पडला की ती चार्ज होते, उघडीप पडली की पीक त्यातलं पाणी वापरतं.

एक ढोबळ हिशोब करू. एक मीटर खोल काळी जमीन पिकाला वापरता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. माळावरच्या २० सेंटिमीटर मुरमाड जमिनीत हेच पाणी २५ ते ३० मिलिमीटर भरतं. भर वाढीतलं पीक दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी पितं. आता भागाकार करा. माळावर बॅटरी सहा-सात दिवसांत उतरते. काळ्या जमिनीत ती महिनाभर चालते.

मामांच्या दोन तुकड्यांतला फरक हाच होता. तीन आठवड्यांची उघडीप ओढ्याकाठच्या सोयाबीनने साठ्यावर काढली. माळावर साठाच नव्हता.

म्हणून पहिला नियम: जमिनीची खोली माहीत नसेल तर वाणावर चर्चाच करू नका. पाच हजार एमएएचच्या फोनवर चालणारा गेम हजार एमएएचच्या फोनवर तेवढाच वेळ चालेल अशी अपेक्षा आपण ठेवत नाही, तसंच आहे हे.

दुष्काळाशी लढायच्या तीन पद्धती

'दुष्काळ सहनशील' हे फोनमधल्या ब्लूटूथसारखं फीचर नाही, की आहे किंवा नाही एवढंच उत्तर येईल. पिकं तीन वेगवेगळ्या पद्धतींनी दुष्काळ काढतात. एखाद्या वाणात एक पद्धत असते, एखाद्यात दोन.

१. पळ काढणे. बॅटरी संपायच्या आत काम उरकायचं. लवकर तयार होणारा वाण पाणी संपायच्या आधीच फुलतो आणि दाणे भरून मोकळा होतो. मूग आणि उडीद ६५ ते ७५ दिवसांत येतात ते याच जोरावर. पाऊस हंगामाच्या शेवटी लवकर गेला तर ही पद्धत भारी. पण उघडीप नेमकी फुलोऱ्यातच आली तर लवकर येणारा वाण फसतो, कारण त्याच्याकडे दुसऱ्यांदा फुलायला वेळच नसतो.

२. पाणी मिळवणे आणि जपून वापरणे. यात दोन भाग आहेत. एक म्हणजे खोल मुळं, म्हणजे मोठा पॉवर बँक. दुसरा म्हणजे बॅटरी सेव्हर. पानांवर पर्णरंध्रं नावाची बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी वाफ होऊन जातं. काही वाण ती लवकर मिटतात. काही पिकं दुपारी पानं उभी करतात, म्हणजे ऊन थेट लागत नाही. भर दुपारी ताण पडलेल्या सोयाबीनच्या शेतात उभं राहून बघा, पानांची फिकट खालची बाजू दिसायला लागते. पण बॅटरी सेव्हर लावला की फोन स्लो होतो, तसं छिद्रं मिटली की पानात अन्न बनणंही कमी होतं. पाणी वाचतं, वाढ थांबते.

३. सोसणे. पाणी खरंच संपलं तरी पेशी तग धरून राहतात. झाड पेशींमध्ये साखरेसारखे विरघळणारे पदार्थ साठवतं, त्यामुळे आहे तेवढं पाणी आत धरून ठेवता येतं. पाऊस आला की असं झाड पुन्हा वाढायला लागतं. फोन बंद पडला तरी डेटा गेला नाही, तसं समजा.

प्रत्येक पद्धतीची किंमत असते. लवकर येणारा वाण चांगल्या पावसाच्या वर्षी उशिरा येणाऱ्यापेक्षा कमी उतारा देतो. खोल मुळं वाढवायला झाडाला अन्न खर्च करावं लागतं, आणि खाली खडक असेल तर तो खर्च वायाच जातो. त्यामुळे सगळीकडे, सगळ्या वर्षी चांगला ठरेल असा वाण तुम्हाला कुणी विकत असेल, तर जरा थांबा.

पीकवार बघू: कोण कसं लढतं?

हुलगा आणि मटकी. आपल्या भागातले खरे माळकरी. हुलगा (कोकणात याला कुळीथ म्हणतात) हलक्या, मुरमाड जमिनीत येतो. ताण पडला की वाढ थांबवतो, पाऊस आला की परत फुलतो. त्यामुळे एका उघडिपीत सगळं पीक जात नाही. मटकी जमिनीवर पसरते आणि जमीन झाकते, म्हणून मातीतलं पाणी उन्हाने कमी उडतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या हुलग्याच्या दोन वाणांची नावं 'माण' आणि 'सीना' अशी आहेत. दोन्ही दुष्काळी मुलखातल्या नद्या! मटकीत वाणांचा फरक बघायचा असेल तर राजस्थानकडे बघा. तिथे जुन्या जाती तीन महिने घ्यायच्या, तर 'आरएमओ-४०' हा वाण साधारण दोन महिन्यांत येतो. पीक तेच, पण एक वाण सोसून जगतो आणि दुसरा पळ काढून. आजीच्या पिढीने माडगं आणि शेंगोळे खाऊन दुष्काळ काढले, कारण माळावर तेवढंच पिकायचं.

मूग आणि उडीद. पळ काढण्यात पटाईत. पेरणी वेळेवर झाली तर सप्टेंबरच्या आत मोकळे. पण पेरणी जुलैच्या मध्यापुढे गेली की हा फायदा हातातून जातो.

तूर. सोटमूळ खोल जातं, सुरुवातीची वाढ संथ असते. त्यामुळे ऑगस्टची उघडीप तूर सहज काढते. तिची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते, फुलं आणि शेंगा भरायच्या वेळी. इथे वाणांचा फरक थेट दिवसांत दिसतो. बदनापूर केंद्राचा 'बीडीएन-७११' साधारण १५० ते १५५ दिवसांत येतो, तर त्याच केंद्राचा 'बीएसएमआर-७३६' १७० ते १८० दिवस घेतो. राहुरीचा 'फुले राजेश्वरी' १४० ते १५० दिवसांचा आहे. मध्यम जमिनीत, शेवटच्या पाण्याची सोय नसताना हे पंचवीस-तीस दिवस म्हणजे शेंगा भरणं आणि पोचट राहणं यातला फरक. भारी जमिनीत मात्र उशिरा येणारी तूर जास्त दिवस पाणी वापरून जास्त शेंगा धरू शकते.

हरभरा. याचा दुष्काळ वेगळा आहे. रब्बीत पाऊस जवळजवळ नसतोच. पावसाळ्यात जमिनीत साठलेल्या ओलीवर सगळा खेळ चालतो आणि ती ओल दिवसेंदिवस खाली जात राहते. म्हणजे बॅटरी एकदाच चार्ज झालेली, चार्जर घरी राहिलेला! राहुरीचा 'विजय' हा वाण जिरायतीत ८५ ते ९० दिवसांत येतो, पाणी दिलं तर १०५ ते ११० दिवस घेतो. ताण पडला की तो आपलं वेळापत्रकच आवरतं घेतो. 'दिग्विजय'ही जिरायतीला चालतो. 'विराट'सारखा टपोरा काबुली हरभरा भाव चांगला घेतो, पण जिरायतीत त्याचा उतारा देशी वाणांपेक्षा कमी पडतो. पाण्याची सोय असेल तरच त्याच्या वाटेला जा.

भुईमूग. याची गंमत अशी की फूल वर लागतं आणि शेंग खाली. फुलानंतर आऱ्या जमिनीत घुसाव्या लागतात. वरची माती वाळून कडक झाली तर आऱ्या घुसत नाहीत, मग मुळं कितीही खोल असू देत. पसऱ्या जाती जास्त दिवस घेतात, उपट्या जाती लवकर येतात. साताऱ्यातल्या कराडचं नाव असलेली 'कराड ४-११' ही जुनी पसरी जात, तर भाभा अणुसंशोधन केंद्राची 'टीएजी-२४' ही बुटकी, लवकर येणारी उपटी जात. शेवटच्या महिन्यात ताण पडला तर आणखी एक धोका असतो: शेंगेत बुरशी शिरून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. म्हणून दुष्काळी वर्षातले सुरकुतलेले, काळपट दाणे घरी खायलाही ठेवू नका.

सोयाबीन. मामांचं आणि माझं दुखणं. फुलोरा आणि शेंगा भरायच्या वेळी याला ताण सहन होत नाही. शिवाय एक आतली गोष्ट आहे. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र झाडाला देतात. जमीन वाळायला लागली की सोयाबीनच्या गाठींचं काम पानं कोमेजायच्याही आधी मंदावतं. भुईमुगाच्या गाठी त्या मानाने चिवट असतात. म्हणजे वरून शेत हिरवं दिसतं, पण आत उपासमार सुरू झालेली असते.

वाणांचा फरक इथेही आहे. 'जेएस ९३-०५' साधारण ८५ ते ९० दिवसांत येतो, जुना 'जेएस-३३५' ९५ ते १०० दिवस घेतो. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रज इथल्या संशोधन केंद्राने 'फुले अग्रणी', 'फुले संगम', 'फुले किमया' हे वाण दिले. नावाच्या पुढे 'केडीएस' असतं, ते कसबे डिग्रज सोयाबीनचं लघुरूप. हे वाण कृष्णाकाठी का गाजले? कारण तिथे तांबेरा रोग सोयाबीनचा मोठा शत्रू आहे आणि हे वाण तांबेऱ्यापुढे टिकतात. पण 'फुले संगम' १०० ते १०५ दिवसांचा आहे. चांगली जमीन आणि पाणी असेल तिथे तो उत्तम. तांबेऱ्याला टिकतो म्हणून तो वीस सेंटिमीटरच्या माळावर उघडिपीलाही टिकेल, असा अर्थ काढू नका. व्हिडिओत कृष्णाकाठचं शेत बघून खानापूरच्या माळासाठी बी घेतलं की काय होतं, ते आम्ही भोगलंय.

घेवडा. कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. दाण्यावरच्या पट्ट्यांमुळे वाघ्या. चवीला एक नंबर, पण मुळं उथळ आणि फुलोऱ्यात नाजूक. त्याला वेळच्या वेळी सरी लागतात. नाव वाघाचं असलं तरी त्याला माळावर सोडू नका.

शास्त्रज्ञ हे मोजतात कसं?

आता आपल्या आवडीचा भाग. 'हा वाण टिकतो' असं म्हणायला मोजमाप लागतं.

हैदराबादजवळ पटनचेरू इथे 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९७२ पासूनची. तिथे लांब नळ्यांमध्ये माती भरून त्यात हरभरा, भुईमूग वाढवतात आणि नळी वरचेवर उचलून तिचं वजन करतात. वजन जेवढं घटलं तेवढं पाणी झाड प्यायलं. याला लायसीमीटर म्हणतात. म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या झाडाने किती बॅटरी खाल्ली, याचा अगदी फोनच्या सेटिंगमध्ये दिसतो तसा हिशोब. तिथेच 'लीजीस्कॅन' नावाची यंत्रणा आहे. लेझर स्कॅनर रोपांवरून फिरतो आणि पानांचं त्रिमितीय मोजमाप घेतो. आपल्या जवळ, बारामतीतही अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे.

या मोजमापांतून एक अनपेक्षित गोष्ट कळली. आधी सगळ्यांना वाटायचं, मुळं जेवढी मोठी तेवढा वाण चांगला. पण शेवटच्या ताणात चांगला उतारा देणारे हरभऱ्याचे अनेक वाण सुरुवातीला कमी पाणी पिणारे निघाले. त्यांनी दाणे भरायच्या वेळेसाठी पाणी मागे ठेवलं होतं. सकाळीच रील बघून बॅटरी संपवणारा आणि संध्याकाळच्या प्रवासासाठी चाळीस टक्के राखणारा, यातला फरक.

मुळांचंही महत्त्व आहेच. 'आयसीसी ४९५८' या हरभऱ्याची मुळं लवकर आणि जोरात वाढतात. २०१३ मध्ये हरभऱ्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, आणि २०२१ मध्ये ३,३६६ हरभऱ्यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. 'आयसीसी ४९५८'मध्ये दुष्काळाशी संबंधित अनेक गुण जनुकांच्या एकाच छोट्या भागात एकत्र सापडले. दिल्लीच्या पुसा संस्थेने तो भाग 'पुसा ३७२' या वाणात आणला आणि 'पुसा १०२१६' तयार झाला. हे जीएम नाही. दोन हरभऱ्यांचा संकर केला, आणि कोणत्या रोपात हवा तो भाग आलाय हे प्रयोगशाळेत तपासून तीच रोपं पुढे नेली.

मग फोनवर काय तपासायचं?

मामांचा फोटो आता आला की मी अंगठा पाठवत नाही, आधी पाच प्रश्न विचारतो.

१. जमीन किती खोल आहे? कुदळीने खणा आणि मुरूम कुठे लागतो ते टेपने मोजा. यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.

२. आपल्या मंडळात पाऊस कधी थांबतो? राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर महसूल मंडळानुसार पावसाची आकडेवारी मिळते. मागच्या काही वर्षांचे आकडे शीटमध्ये टाका आणि कोणते आठवडे पुन्हा पुन्हा कोरडे जातात ते रंगवा. तासाभराचं काम आहे, आणि घरातल्या कुणापेक्षाही तुम्हाला ते लवकर जमेल.

३. वाण किती दिवसांचा, आणि फुलोरा कधी येतो? पेरणीच्या तारखेत दिवस मिळवा. फुलोरा त्या कोरड्या आठवड्यांत येतोय का? येत असेल तर वाण बदला किंवा पीक बदला.

४. शिफारस कुणाची आणि कुठल्या भागासाठी? राहुरी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' दरवर्षी निघते. त्यात वाण, कालावधी, जिरायत की बागायत हे सगळं असतं. व्हिडिओ बघायचाच असेल, तर तो कुठल्या गावातला आणि कुठल्या जमिनीतला आहे ते आधी बघा.

५. पिशवीवरचं लेबल कुठल्या रंगाचं? पायाभूत बियाण्याला पांढरं, प्रमाणित बियाण्याला निळं, सत्यप्रत बियाण्याला हिरवट लेबल असतं. २०२३ मध्ये केंद्राने 'साथी' पोर्टल सुरू केलं. त्यात नोंद असलेल्या बियाण्याच्या लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ते कुठून आलं हे कळतं. जाहिरातीतलं 'दुष्काळ सहनशील' आणि लेबलवरची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावती आणि पिशवी जपून ठेवा, दोन्हींचे फोटो काढा.

आणि पेरणीची घाई नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि सल्ला हवामान विभागाच्या 'मेघदूत' ॲपवर मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरचं बियाणं वापरलं तर चालेल का?
सोयाबीन, हरभरा, मूग, हुलगा यांचं परागीभवन त्याच फुलात होतं, त्यामुळे वाण बऱ्यापैकी शुद्ध राहतो. तुरीत मधमाश्यांमुळे संकर होतो, म्हणून शेजारी दुसरा वाण असेल तर भेसळ होते. घरच्या बियाण्याची उगवण आधी तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. सोयाबीनचे निदान सत्तर उगवले पाहिजेत.

वाण चांगला असेल तर बाकी काही करायला नको का?
करायला लागतं. वेळेवर कोळपणी केली की जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल टिकते. वाणाने जेवढे दिवस मिळतात, त्यात कोळपणीने आणखी काही दिवसांची भर पडते.

एकाच पिकावर भरवसा ठेवू का?
माळावर तरी ठेवू नका. बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक, ही आपल्या अवर्षणप्रवण भागातली शिफारस केलेली पद्धत आहे. बाजरी लवकर निघते, तूर मागे राहते. एकीला फटका बसला तरी दुसरी हाती लागते.

कालव्याचं पाणी आलंय, आता हे कशाला?
टेंभू, म्हैसाळसारख्या योजनांनी खूप शेतं भिजली, आमच्या मामांचा मळाही भिजला. पण माळावरचा तुकडा अजून पावसावरच आहे. तुमच्याकडेही असा एखादा तुकडा असेलच.

थोडक्यात

'हा वाण दुष्काळ सहन करतो का?' हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या महिन्यातला दुष्काळ, किती खोल जमिनीत, आणि पळ काढून, जपून की सोसून? एवढं विचारलं की प्रश्न पूर्ण होतो. मग उत्तर बरेचदा घरातच मिळतं.

गेल्या हंगामात मामांनी माळावर हुलगा आणि बाजरी-तूर केली, सोयाबीन फक्त ओढ्याकाठी. मी शीट बनवून पाठवली होती. मामांनी ती बघितली आणि म्हणाले, "आरं, ऑगस्टात माळ वाळतोय ह्ये तुझी आज्जी बी सांगायची. पर आकडं बघून बरं वाटलं." मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. दोन मिनिटं सर्च करण्याऐवजी त्या वेळी आजीला फोन लावला असता तर?

तुमच्या गावातला कोणता वाण कुठल्या जमिनीत टिकला, ते घरच्या मोठ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. आणि पेरणीच्या आधी हा लेख तुमच्या मामांना, काकांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या लेखात!